सनदेआधीची साक्ष

रत्नागिरीत राहून वकील व्हायचे तर वाट ठरलेली आहे. बारावी किंवा पदवी, मग राज्याची विधी सीईटी, कॅप राउंड, भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालयासारख्या मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात प्रवेश आणि शेवटी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद. या वाटेवर अर्ज, हमीपत्रे आणि प्रतिज्ञापत्रे पावलोपावली भरावी लागतात. समजा, या वाटेला लागणाऱ्या एका मुलाला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी भरारी पथकाने चिठ्ठीसह पकडले होते. चौकशी समितीपुढे सुनावणी झाली, त्या सत्राची त्याची परीक्षा रद्द ठरली, पुढे तो पुन्हा बसला आणि पास झाला. गुणपत्रिकेवर उशीर दिसतो, त्याचे कारण दिसत नाही. कायद्याच्या प्रवेशाच्या वेळी, सनद घेताना किंवा परदेशी विद्यापीठाला अर्ज करताना त्याने ती कॉपी केस सांगावी का? यावर दोन ठाम मते आहेत. ती इथे जिल्हा न्यायालयात प्रॅक्टिस करणारे एक वकील आणि कायदा शिकवून निवृत्त झालेले एक प्राध्यापक यांच्या तोंडी घातली आहेत. माणसे कल्पित आहेत. ती ज्यांचा हवाला देतात ते कायदे आणि निकाल खरे आहेत.

वकील : सर, मी त्या मुलाला एवढेच सांगेन की विचारलेले नसताना तोंड उघडू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ चा. त्यातले कलम २४ अ काढून बघा. नैतिक अधःपाताच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला सनद मिळत नाही, पण त्यालाही सुटकेनंतर दोन वर्षांनी ती अपात्रता संपते. म्हणजे तुरुंगात जाऊन आलेल्याला कायदा दोन वर्षांनी दार उघडतो आणि एकोणिसाव्या वर्षी खिशात चिठ्ठी ठेवलेल्या पोराने जन्मभर ती चिठ्ठी कपाळावर चिकटवून फिरायचे? केंद्राने २०२४ मध्ये सार्वजनिक परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला. त्याचा रोख पेपर फोडणाऱ्या टोळ्यांवर आणि त्यांना सामील असणाऱ्यांवर आहे. परीक्षार्थीला त्या कायद्याने फौजदारी कचाट्याबाहेर ठेवले. त्याच्यावर परीक्षा घेणारी संस्था आपल्या नियमांनी कारवाई करील, असे म्हटले. इथेही संस्थेने कारवाई केली, शिक्षा दिली, मुलाने ती भोगली. मिटलेले प्रकरण स्वतःहून उकरून काढणे ही नसती बिलामत आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. स्वतःबद्दलची कोणती माहिती कोणाला द्यायची, हे ठरवणे त्यातच येते.

प्राध्यापक : वकीलसाहेब, तुम्ही बचाव चांगला मांडलात, पण तो आरोपीचा बचाव झाला. हा मुलगा सनद मागायला निघाला आहे आणि सनद म्हणजे आपल्या शब्दाला जादा किंमत मिळण्याचा परवाना. तुम्ही रोज कोर्टात पुरशीस देता. पक्षकार मयत झाला, तडजोड झाली, अमुक कागद हजर केला, असे तुम्ही लिहून देता आणि न्यायाधीश बहुतेक वेळा तुमच्या सहीवर काम पुढे नेतात. प्रत्येक ओळीची शहानिशा करायची म्हटली तर रत्नागिरीतले दिवाणी काम आठवड्यात ठप्प होईल. शब्दावर उभा असलेला हा धंदा, त्यात शिरतानाच शब्द चुकवायचा? तुम्ही कलम २४ अ दाखवलेत, मी त्याच कायद्याचे कलम २६ दाखवतो. महत्त्वाच्या बाबीची चुकीची माहिती देऊन किंवा फसवणुकीने कोणी नाव नोंदवून घेतले असेल, तर त्याचे म्हणणे ऐकून बार कौन्सिल ऑफ इंडिया ते नाव कमी करू शकते. प्रॅक्टिस जमल्यावर, घर उभे राहिल्यावर हे झाले तर? न्यायालये हळवी होतील असेही समजू नका. केंद्रीय विद्यालय संघटन विरुद्ध रामरतन यादव या २००३ च्या खटल्यात एका शारीरिक शिक्षण शिक्षकाने पडताळणी फॉर्मवर आपल्यावरची फौजदारी केस लपवली होती. केस पुढे मागे घेतली गेली. फॉर्म इंग्रजीत होता आणि आपण हिंदी माध्यमातले, हेही त्याने सांगून पाहिले. सर्वोच्च न्यायालयाने त्याला काढून टाकणे योग्यच ठरवले. मराठी माध्यमातून आलेल्या आपल्या मुलांनी हा निकाल ध्यानात ठेवावा.

दोघांची मते टोकाची वाटतात, याचे कारण दोघे वेगवेगळ्या कृत्यांबद्दल बोलत आहेत. वकिलांची नजर चिठ्ठीवर आहे, प्राध्यापकांची फॉर्मवरच्या सहीवर. पहिले कृत्य परीक्षेच्या दडपणाखाली, कोवळ्या वयात झालेले असते आणि त्याची शिक्षाही देऊन झालेली असते. दुसरे कृत्य अजून व्हायचे आहे. ते सज्ञान माणूस शांतपणे, टेबलाशी बसून, ‘वरील माहिती खरी आहे’ या वाक्याखाली सही करून करणार आहे. जगभरच्या निकालांतून एक गोष्ट वारंवार दिसते : कायद्याच्या व्यवसायाची दारे पहिल्या कृत्यापेक्षा दुसऱ्यासाठी अधिक घट्ट बंद होतात. सिंगापूरमध्ये २०२० ची बारची परीक्षा ऑनलाइन झाली. त्यात गैरप्रकार करणाऱ्यांपैकी सहा प्रशिक्षणार्थींचे प्रकरण पाहा. पाच जणांनी सहा पेपरांत एकमेकांत उत्तरे वाटून घेतली होती. सहाव्या उमेदवाराचा गैरप्रकार तीन पेपरांपुरता होता. २०२२ मध्ये त्यांचे अर्ज उच्च न्यायालयापुढे आले. पाच जणांना सहा महिने थांबायला सांगितले गेले आणि कमी पेपर असलेल्या सहाव्या उमेदवाराला एक वर्ष, कारण तिने चौकशीत आरोप नाकारला होता. कॉपीच्या प्रमाणात शिक्षा मोजली असती तर हिशेब उलटा झाला असता.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये दिलेला एक निकाल याहून बोलका आहे. तिथे वकिली करू इच्छिणाऱ्याला विद्यापीठातली शिस्तभंगाची प्रकरणे प्रवेशमंडळाला कळवावी लागतात. एका उमेदवाराने एका असाइनमेंटला शून्य गुण मिळाल्याचे कळवले, पण आपला समजुतीचा घोटाळा झाला होता अशा थाटात. खरे कारण दुसऱ्या विद्यार्थ्याशी मिळून काम केल्याचे होते. त्याला प्रवेश मिळाला आणि सत्य कळल्यावर तो काढून घेतला गेला. त्याने प्रकरण लपवले नव्हते, फक्त मऊ करून सांगितले होते. आपल्याकडे जे ‘सांगू, पण जरा सांभाळून’ असा मधला मार्ग सुचवतात त्यांनी हे लक्षात घ्यावे. अर्धे सांगणे सर्वांत वाईट ठरते, कारण त्यात सांगण्याचे नुकसानही होते आणि लपवल्याचा ठपकाही बसतो.

वकील : सर, निकाल मान्य. पण तुम्ही गृहीत धरता की प्रश्न विचारणारा शहाणा आणि निष्पक्ष असतो. आपल्याच गावाचा इतिहास काय सांगतो? १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी केली म्हणून फर्ग्युसनने विनायक दामोदर सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. पुढे लंडनला ग्रेज इन या बॅरिस्टर घडवणाऱ्या संस्थेत त्यांनी कायद्याच्या परीक्षा दिल्या, उत्तीर्ण झाले आणि १९०९ मध्ये त्यांच्या राजकीय हालचालींकडे बोट दाखवून इनच्या मंडळाने त्यांना बॅरिस्टर करायला नकार दिला. त्यांचे राजकारण तुम्हांला पटो न पटो. ते १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि ज्या भागोजीशेठ कीरांनी १९३१ मध्ये इथे पतितपावन मंदिर उभे केले त्यांचेच नाव आज आपल्या विधी महाविद्यालयाला आहे. गांधीजींनाही शिक्षा झाल्यावर १९२२ मध्ये इनर टेंपल या तशाच संस्थेने यादीतून काढले आणि परत घ्यायला १९८८ उजाडले. चारित्र्याच्या नावाखाली संस्था आपल्याला नको असलेली माणसे बाहेर ठेवतात, हे काही नवीन नाही. उद्या फॉर्मवर ‘तुमच्यावर कधी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे काय?’ असा ढोबळ प्रश्न आला तर त्यात कॉपी करणारा अडकेल, मोर्चात घोषणा देणारा अडकेल आणि मेसच्या जेवणावरून प्राचार्यांशी भांडलेलाही अडकेल. तिघांना एकाच दावणीला बांधणाऱ्या प्रश्नाला मी प्रामाणिक उत्तर का देऊ?

प्राध्यापक : हा मुद्दा मी नाकारत नाही. पण त्यातून प्रश्न सुधारण्याची मागणी निघते, खोटे उत्तर देण्याची मुभा निघत नाही. होळीही लपूनछपून झाली नव्हती, पुण्यात जाहीरपणे झाली होती. ज्याला आपले कृत्य बरोबर वाटते त्याला ते लपवण्याचे कारणच नसते. आणि नेमका प्रश्न विचारता येतो, याचे उदाहरण दरवर्षी आपले विद्यार्थी सही करून देतात. यूजीसीच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांखाली जे प्रतिज्ञापत्र भरावे लागते त्यात, रॅगिंगमध्ये दोषी ठरल्याबद्दल देशातल्या कोणत्याही संस्थेतून मला काढलेले नाही किंवा प्रवेशाला मनाई केलेली नाही, असे लिहून द्यायचे असते आणि हे खोटे ठरल्यास प्रवेश रद्द होईल, हेही त्यातच लिहिलेले असते. कृत्य कोणते, निर्णय कोणता, परिणाम कोणता, सगळे स्पष्ट. बार कौन्सिल ऑफ इंडियाने सप्टेंबर २०२४ मध्ये विधी महाविद्यालयांना परिपत्रक काढून सांगितले की अंतिम गुणपत्रिका आणि पदवी देण्याआधी विद्यार्थ्याकडून एफआयआर, फौजदारी खटला, शिक्षा किंवा निर्दोष सुटका यांची घोषणा घ्या. त्यातही कॉपी केसचा प्रश्न नाही, गुन्ह्याचा आहे. तेव्हा तुमच्या मुलाला तिथे कॉपी केस लिहायची गरज नाही, हे मीही मान्य करतो.

इथे दोघे एकमेकांजवळ येतात आणि नेमकी रेषा कुठे पडते ते दिसू लागते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात आखून ठेवली आहे. त्याआधी एकीकडे रामरतन यादवसारखा कठोर निकाल होता, तर दुसरीकडे २०११ चा संदीप कुमार निकाल. दिल्ली पोलिसांत भरती होऊ पाहणाऱ्या त्या तरुणाने तडजोडीने मिटलेली मारामारीची केस आधी लपवली होती. न्यायालयाने व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या पाव चोरणाऱ्या जाँ व्हालजाँची आठवण काढून, तरुणपणीच्या चुकीने माणसाला आयुष्यभर डाग लावू नये, असे म्हणत त्याच्या बाजूने कौल दिला. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१६ मध्ये दोन्ही प्रवाह जुळवले. दिलेली माहिती खरीच असली पाहिजे. पण लपवल्याचा ठपका ठेवायचा तर प्रश्न नेमका असला पाहिजे, मोघम नव्हे. जे स्पष्टपणे विचारले आहे तेवढेच सांगणे बंधनकारक. तरुण वयात घोषणा दिल्यासारखे किरकोळ प्रकरण असेल तर लपवणेही माफ करण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्याला आहे. हे निकाल सरकारी नोकरीतल्या फौजदारी केसबद्दलचे आहेत, कॉपीबद्दलचे नाहीत. तरीही तर्क तोच लागू पडतो, किंबहुना अधिकच : ज्या गोष्टीला कायदा गुन्ह्याहून हलके मानतो, ती न विचारता सांगण्याचे बंधन गुन्ह्याहून जड असू शकत नाही.

म्हणून एकाच मुलाला तीन फॉर्मवर तीन उत्तरे द्यावी लागतील आणि तिन्ही प्रामाणिक असतील. रॅगिंगच्या प्रतिज्ञापत्रात आणि गुन्ह्यांच्या घोषणेत कॉपी केसचा उल्लेख नको, कारण तो प्रश्न नाही. पण एखाद्या महाविद्यालयाने किंवा बार कौन्सिलने ‘परीक्षेतील गैरमार्गाबद्दल तुमच्यावर कारवाई झाली आहे का?’ असे विचारले तर उत्तर ‘होय’ आणि सोबत आदेशाची प्रत. तिसरा फॉर्म परदेशातला. अमेरिकेतली विधी महाविद्यालये अर्जातच शैक्षणिक शिस्तभंगाबद्दल सविस्तर विचारतात आणि पुढे बारच्या ‘चारित्र्य व योग्यता’ छाननीत अनेक राज्ये महाविद्यालयाला दिलेला तोच अर्ज मागवून दोन्हींतली उत्तरे ताडून पाहतात. इंग्लंडमध्येही सॉलिसिटर होऊ पाहणाऱ्याच्या चारित्र्याच्या छाननीत परीक्षेतला गैरप्रकार ही विचारात घेण्याची बाब असते. मुंबई विद्यापीठातली जुनी केस तिकडे कोणाला कळणार, असे म्हणणाऱ्याने हे पाहावे की तिथे पहिली चाचणीच तुमच्या दोन उत्तरांच्या जुळणीची आहे.

वकील : रेषा मला मान्य आहे. तरी एक खंत राहतेच, सर. सांगणारा मार खातो आणि लपवणारा पुढे निघून जातो. अमेरिकेतले स्टीफन ग्लास प्रकरण घ्या. तरुण पत्रकार म्हणून त्याने मासिकांत बनावट मजकूर छापला, १९९८ मध्ये ते उघड झाले, पुढे त्याने कायद्याची पदवी घेतली, बारची परीक्षा पास झाला. सगळे जगजाहीर होते, लपवण्यासारखे काही नव्हते. तरी २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला नाकारलेच. आणि आपल्याकडे? घरात आधी कोणी वकील नसलेल्या, दापोली-मंडणगडकडच्या खेड्यातून आलेल्या मुलाने ‘होय’ लिहिले, तर त्या ‘होय’चे पुढे काय होईल हे त्याला कोण सांगणार? पैसेवाल्याच्या मुलाला सल्लागार मिळतो. याला फक्त कुजबुज मिळते. जिल्ह्याच्या बारमध्ये ती पसरायला एक चहा पुरतो.

प्राध्यापक : ग्लासचा निकाल नीट वाचा, वकीलसाहेब. बनावट मजकुराबरोबरच न्यायालयाला हेही खटकले की न्यूयॉर्कच्या बारला केलेल्या आधीच्या अर्जात त्याने आपल्या बनावट लेखांची पूर्ण यादी दिली नव्हती आणि मासिकांना ते शोधायला आपण मदत केली, असे वाढवून सांगितले होते. तिथेही दुसरे कृत्य आड आलेच. पण प्रामाणिकपणाची हमखास पावती मिळते, असे मी म्हणणार नाही. चाळीसएक लेखांत पसरलेली लबाडी आणि एका पेपरातली चिठ्ठी यांत फरक आहे, तो फरक करणे छाननी करणाऱ्याचे काम आहे, आणि तो कधी कधी ते चुकीचे करील. खेड्यातल्या मुलाबद्दल तुम्ही म्हणता ते खरे आहे. पण कुजबुजीची ताकद कशात असते? लपवण्यात. ज्याने स्वतःच्या सहीने लिहून दिले आहे त्याच्याविरुद्ध दहा वर्षांनी निनावी अर्ज करून कोणाला काय मिळणार?

शेवटचा हा मुद्दा निर्णायक आहे, पण त्याने वकिलांचा आक्षेप पूर्ण विरत नाही. सांगण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, हे खरेच आहे. मात्र या विषमतेवर लपवणे हा उपाय असू शकत नाही, कारण लपवण्याची किंमतही सारखी पडत नाही. उशिरा उघड झाल्यावर ज्याच्यापाशी ओळख, पैसा आणि वरच्या कोर्टात जाण्याची ऐपत असते तो निभावतो. पहिल्या पिढीतला वकील सनदेसकट बुडतो. दुर्बळ उमेदवारालाच खरे तर सहीनिशी नोंदवलेल्या सत्याचे संरक्षण अधिक लागते.

आणखी एक आक्षेप उलट बाजूने येऊ शकतो : विचारले नाही म्हणून गप्प राहणे ही पळवाटच नव्हे का? नव्हे. अर्ज हा पापांचा कबुलीजबाब नसतो. प्रत्येक चूक प्रत्येक कागदावर लिहिण्याचे बंधन घातले तर विचारणाऱ्या संस्थेला हवी ती चूक उचलून हव्या त्या माणसाला नाकारण्याचे हत्यार मिळते आणि १९०९ च्या ग्रेज इनचा मार्ग पुन्हा मोकळा होतो. साक्षीदारानेही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते, पूर्ण आणि न वळवता. उद्या दुसऱ्याच्या साक्षी तपासणार असलेल्या माणसाकडून आज त्याहून कमीही मागू नये आणि अधिकही.

यातून उमेदवाराचे कर्तव्य साधे ठरते. प्रश्न दोनदा वाचायचा, इंग्रजी अडली तर समजून घ्यायचा, संदिग्ध वाटला तर लेखी विचारायचे. कॉपी त्याच्या कक्षेत येत असेल तर काय घडले, कोणत्या परीक्षेत, समितीने कोणता निर्णय दिला आणि त्यानंतर आपण काय केले, एवढे चार वाक्यांत लिहायचे. पर्यवेक्षकाला, मित्राला किंवा परिस्थितीला दोष द्यायचा नाही. संस्थांचे कर्तव्य याहून अवघड आहे आणि ते आजवर कोणी फारसे मनावर घेतलेले नाही. ‘शिस्तभंग’ असा ढोबळ शब्द टाळून कृत्याचे नाव घेऊन विचारावे. किती वर्षांपर्यंतचे सांगायचे याची मर्यादा घालावी. शिक्षा झालेल्या गुन्हेगाराची अपात्रता दोन वर्षांत संपवणाऱ्या कायद्याला हे अशक्य नाही. ‘होय’ लिहिल्यास अर्ज कोणापुढे जाईल, म्हणणे मांडायला संधी मिळेल का आणि ती माहिती गुप्त राहील का, हे फॉर्मवरच छापावे. हे होईपर्यंत खरे सांगणाऱ्याला अंधारात उडी मारावी लागते आणि तेवढ्यापुरती वकिलांची तक्रार रास्त राहते. पण ती तक्रार फॉर्म तयार करणाऱ्यांकडे न्यायची आहे. फॉर्म भरणाऱ्याने तिच्या जोरावर ‘नाही’ लिहिले, तर ज्या चुकीची शिक्षा त्याने एकदा भोगली आहे तिच्या बदल्यात तो एक नवी, विनाशिक्षेची आणि म्हणून कधीही वसूल होऊ शकणारी चूक आपल्या नावावर चढवून घेतो.